चार बॅटऱ्यांची जागा

४ जानेवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. चार महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. तुला रागवायला सवड तरी आहे, मला तीही नाही. ह्यांना ऑक्टोबरपासून झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागतं. चाळीस वर्षं बस बांधण्याच्या कारखान्यात वेल्डिंगचा धूर आणि फायबरची पूड छातीत गेली, ती आता बाहेर यायला तयार नाही.

तरी माणूस स्वस्थ बसेल तर शपथ. अंगणात कॅरॅव्हान बांधलीय. चाकांवरची एक खोली म्हण, आमच्या जुन्या गाडीच्या मागे जोडून न्यायची. "जन्मभर दुसऱ्यांच्या बसच्या बॉड्या बांधल्या, आता स्वतःची बॉडी मोडीत निघायच्या आत एक आपल्यासाठी बांधतो," म्हणतात. मग स्वतःच हसतात आणि हसले की खोकतात.

जायचंय तलावाकाठच्या त्या शेवटच्या थांब्यावर. ह्यांच्या हातची पहिली बस तिथवर धावली होती आणि हे ड्रायव्हरशेजारी बसून गेले होते. तिथे दोन दिवस राहायचं, बास, एवढीच हौस. पण तिथे वीज नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न्यायचं असेल तर मार्च संपायच्या आत न्या. त्याचा अर्थ मी ह्यांना सांगितला नाही आणि ह्यांनी विचारला नाही.

मशीन रात्रभर चालायला चार मोठ्या बॅटऱ्या लागतात. एकेक उचलायला दोन माणसं. दिवसा छपरावरच्या सोलर पाट्यांवर त्या भरून निघतील. आता प्रश्न असा की त्या बसवायच्या कुठे? मागे पेटी करून, पुढच्या ओढायच्या दांड्यावर, खाली सांगाड्याच्या चॅनेलला लटकवून, की आत पलंगाखाली? हे म्हणतात पलंगाखाली. मला काही कळत नाही, पण भीती वाटते. तुझं सगळं आयुष्य बॅटऱ्यांत गेलं. येऊन लावून देशील का? फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहिलेलं तू आठवडाभर उघडत नाहीस, म्हणून पत्रच बरं.

तुझी,
ताई

१२ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. भावोजींचं वाचून वाईट वाटलं. माझ्या लग्नाचं कुणी नाव काढेना तेव्हा मला संसारासाठी म्हणून बसच्या पत्र्याची पेटी करून देणारा तो एकच माणूस. पेटी अजून आहे.

मागे बसवू नका. चार बॅटऱ्या म्हणजे दोन-अडीच माणसांचं वजन. ते शेपटाला टांगलं की वेग घेतल्यावर कॅरॅव्हान डुलायला लागते आणि पुढची गाडीही फरफटत नेते. खाली लटकवू नका, चिखल आणि दगड बसतील. पुढे दांड्यावर, बाहेर, भोकं पाडलेल्या पेटीत बसवा. पलंगाखाली नाही म्हणजे नाही. चार्जिंगला लावलेली बॅटरी वायू सोडते. तो बंद जागेत साठला तर एक ठिणगी पुरते. त्यात आत ऑक्सिजनचं मशीन. हे मी कुणाला सांगतोय, तू तर आप्पांच्या गॅरेजात वाढलीस.

मी येणार नाही. का, ते तुला माहीत आहे. मी दुकानात काउंटरवर बसतो, गॅरंटीकार्डं भरतो, गिऱ्हाइकं पाटीवर लिहून विचारतात, कुठली बॅटरी कुठे लावावी ते मी तोंडाने सांगतो. पाना हातात घेत नाही. दुकान बंद केल्यावर कुलूप तीनदा ओढून बघतो, थांब्यावर जाऊन परत येतो आणि चौथ्यांदा बघतो. मालक म्हणतो, तुझ्यासारखा नोकर शोधून सापडणार नाही. त्याला ठाऊक नाही की ज्याचा स्वतःवर भरवसा नाही असा माणूस त्याने ठेवलाय.

सोळा वर्षांचा होतो. बारा बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि वरची खिडकी उघडायला विसरलो. अंगात ताप होता, तिथेच बाकावर डुलकी लागली. उठून बॅटरीला लावलेला चिमटा काढला आणि ठिणगी पडली. कान गेले, आप्पांचं गॅरेज गेलं. आप्पा मरेपर्यंत म्हणत राहिले, "लेकाला शाल आठवली, खिडकी नाही आठवली." खरंच आहे ते. शाल अंगावर होती.

असा माणूस भावोजींच्या उशाशी बॅटऱ्या लावणार? चांगला वायरमन बघा.

तुझा,
बारक्या

२० जानेवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तुझा भाऊ उंटावरून शेळ्या हाकतोय. इथे ये म्हणावं, मग बोल." राग मानू नकोस, प्रेमाने म्हणाले.

पण ह्यांचंही खरं आहे. दांड्याच्या टोकाखाली आपला वजनकाटा ठेवून बघितलं. बॅटऱ्यांच्या जागी वाळूची पोती ठेवली होती. काटा शेवटपर्यंत फिरला आणि अडकला. गाडी जोडली तर तिचं बूड जमिनीला टेकायला आलं आणि तोंड वर. हे म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड. हिला आता रस्ता नाही, आभाळच दिसेल." तेव्हा पुढची जागा गेली. चाकांच्या बरोबर वर, पलंगाखाली, वजन नेमकं बसतं. ह्यांनी बस बांधताना जन्मभर तेच केलं, जड ते ॲक्सलपाशी.

गल्लीतल्या वायरमनने बसवून दिल्या. पलंगाखाली फळ्यांचं कपाट केलं आणि बाहेरच्या भिंतीला मुठीएवढं भोक पाडलं, वायू जायला. माणूस चटपटीत आहे, फक्त एका कामात दुसरं काम आठवतं त्याला. बारक्या, तुला काही शंका असेल तर लिही.

आणि ते जुनं कशाला उगाळतोस? एकेचाळीस वर्षं झाली. कुणाचं काय चुकलं ते आता कोण बघायला बसलंय? तब्येतीला जप, लोकरीची टोपी घालत जा.

ह्यांचं वजन महिन्यात चार किलोने उतरलं.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. कुणाचं काय चुकलं ते मी बघायला बसलोय. रोज. तुला उगाळणं वाटतं, कारण तुझं काही चुकलं नव्हतं.

असो. वजनाचं भावोजी बरोबर बोलतात, मी माघार घेतो. पलंगाखाली चालेल, पण अशी. बॅटऱ्यांचा डबा पलंगाच्या बाजूने पूर्ण बंद हवा, सांध्यांना रबर, केबल जाते तिथेही रबर. डब्याला दार द्यायचं ते बाहेरच्या भिंतीतून. म्हणजे बॅटऱ्या राहतील कॅरॅव्हानच्या आत, पण त्यांचा श्वास बाहेरचा. हा वायू हलका, वर जातो, म्हणून डब्याच्या माथ्यापासून बाहेर एक नळी काढा आणि तळाशी हवा आत यायला दुसरं भोक ठेवा. वायरमनचं ते मुठीएवढं भोक कुठल्या उंचीवर आहे? पलंगाच्या आत उघडतं की डब्यात? नुसतं कपाट केलं असेल तर ते मोडा.

तोवर आत झोपू नका. आणि ते भोक कधीही, कुठल्याही कारणाने बुजवू नका. कागदावर लिहून तिथे चिकटव. मी माझ्या घरी असे सतरा कागद चिकटवले आहेत, एक दाराच्या आत, एक गॅसपाशी. हसू नकोस.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
बारक्या

६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता पाचवं फाडणार नाही.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही कॅरॅव्हानमध्ये झोपून बघितलं, अंगणातच. घरातून वायर ओढून बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि मशीन त्यांच्यावर चालवलं. ते भोक कपाटात नाही, नेमकं ह्यांच्या उशापाशी उघडतं. गार वारा थेट छातीवर. हे खोकायला लागले. मी माझा मफलर घेतला, घडी घातली आणि भोकात कोंबला. खोकला थांबला, मला झोपही लागली.

सकाळी जागी झाले ती वासाने. आंबूस, नाकात टोचणारा. आप्पांच्या चार्जिंगच्या खोलीत यायचा तोच. मी ह्यांना ओढत बाहेर आणलं, मफलर खेचून काढला, दार सताड उघडलं. कशालाही हात लावला नाही, दिव्याच्या बटणालाही नाही. मग अंगणात खाली बसले. हे विचारत होते, "अगं, झालं काय?"

बारक्या, त्या दिवशी खिडकी तू उघडली होतीस. मी बंद केली.

मी तुला चहा घेऊन आले होते. तू बाकावर झोपला होतास, ताप होता, खोकत होतास, आणि वरच्या खिडकीतून वारा तुझ्या अंगावर येत होता. मी काठीने खिडकी ओढून घेतली, कडी लावली आणि माझी शाल तुझ्या अंगावर टाकली. चहा तसाच परत नेला, म्हटलं झोपू दे. घरात येऊन तासभर झाला असेल, तोवर आवाज झाला.

आप्पा विचारत होते, "खिडकी का बंद होती?" तू दवाखान्यात, तुला काहीच ऐकू येत नव्हतं. मी बोलले नाही. एकोणीस वर्षांची होते, आप्पांचा हात कसा चालायचा ते तुला माहीत आहे. म्हटलं, उद्या सांगू. मग तू घरी आलास तेव्हा आप्पांनी ठरवूनच टाकलं होतं की विसरलास तूच, आणि तू मान हलवलीस. मग माझं लग्न ठरलं. मग आप्पा गेले. झाकली मूठ तशीच राहिली. आज सांगतेय म्हणजे वरातीमागून घोडं, ते मला कळतं.

तू लिहितोस की ज्याचा स्वतःवर भरवसा नाही असा मी माणूस. ते मी केलं. कान गेले त्याहून ते वाईट.

आता तू पत्र लिहिशील की नाही मला माहीत नाही. लिहिलं नाहीस तर ह्यांचं तलावावर जाणं संपलं, कारण त्या वायरमनवर मी पुन्हा विश्वास टाकणार नाही. हे जाणूनच लिहितेय. माफी मागते, पण देच असं म्हणत नाही.

ताई

१७ फेब्रुवारी

बारक्या,

दोन ओळी तरी लिही. शिव्या घाल, पण लिही.

वायरमनला बोलावून बॅटऱ्या काढून घेतल्या. व्हरांड्यात चौघी ओळीने बसल्यात. कॅरॅव्हान अंगणात उभी आहे. हे खुर्ची टाकून तिच्याकडे तोंड करून बसतात. काल म्हणाले, "पडदे तरी लाव तिला, नागडी दिसते." मी लावले.

सगळं मी ह्यांनाही सांगितलं. खुर्ची माझ्याकडे फिरवली. मग म्हणाले, "त्याला पेटी करून दिली तेव्हा सांगायचं होतंस. मोठी केली असती."

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

दोन आठवडे तुझं पत्र खिशात घेऊन काउंटरवर बसलो. दोन गिऱ्हाइकांना चुकीची गॅरंटी लिहून दिली. मालकाने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, नाही.

कानांचं मला फार वाटत नाही. ऐकण्यासारखं फार थोडे बोलतात. पण मला आठवत होतं ताई. खिडकी उघडल्याचं आठवत होतं. काठीचं टोक फाटलेलं होतं, ते दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा कडी निघाली. आणि शाल घेतल्याचं मला कधीच आठवलं नाही. मी दवाखान्यात पडून हेच घोकत होतो. मग आप्पांनी पाटीवर लिहून दाखवलं की खिडकी बंद सापडली. तेव्हा मी ठरवलं की माझं डोकंच खोटं बोलतं. जे आठवतं ते झालेलं नसतं आणि जे झालं ते आठवत नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याच आठवणीवर विश्वास ठेवला नाही. एका मुलीने मला हो म्हटल्याचंसुद्धा मला नंतर खरं वाटेना. मी परत विचारायला गेलो. तीनदा गेलो. ती चिडली आणि तिने दुसरीकडे लग्न केलं.

तू मफलर कोंबलास ह्यात मला नवल वाटलं नाही. कुणी खोकलं की तू वाऱ्याची वाट बंद करतेस, मागचंपुढचं बघत नाहीस. आईविना पोर मी, मला तुझ्याच त्या मायेने वाढवलं. ह्या गोष्टीचा राग कुणावर काढायचा असतो, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

गुरुवारी सकाळच्या बसने येतोय. भावोजींसाठी. जाड प्लाय, रबराची पट्टी, दोन हात लांब नळी आणि दहा-बारा-तेराचे पाने काढून ठेव. माझ्याशी बोलू नकोस. बोललीस तरी मला ऐकू येणार नाही, आणि पाटीवर काही लिहून समोर धरू नकोस.

३ मार्च

प्रिय बारक्या,

तू होतास ते दोन दिवस मी तुझ्या सांगण्याप्रमाणे वागले. जेवायला वाढलं, पाने दिले, तोंडाला कुलूप. आता लिहू दे.

डबा बघितला. एकही सांधा उघडा नाही. बाहेरचं दार कसं बेमालूम बसलंय. हे दिवसभर त्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "माझ्या कारखान्यात आला असता तर फोरमन झाला असता." मग मला नळीच्या तोंडावर जाळी दिसली. आतून रिव्हेट केलेली. वाऱ्याला वाट आहे, पण कापडाचा तुकडाही आत जाणार नाही. बारक्या, ते माझ्यासाठी आहे ते मला समजलं. बरोबरच आहे. माझ्या हाताचा भरवसा धरू नकोस.

एक विचारायचंय. हे खिडकीत बसून तुला जाताना बघत होते. तू दार लावलंस, किल्ली मला दिलीस आणि थांब्याकडे चालू लागलास. हे म्हणाले, "आता परत येईल बघ, तीनदा बघायला." तू आला नाहीस. बस आली, चढलास आणि गेलास.

तेव्हापासून माझा जीव खालीवर होतोय. चौथ्या बॅटरीचा निगेटिव्हचा नट सगळ्यात शेवटी लावत होतास, तेवढ्यात ह्यांना खोकल्याची उबळ आली, मी धावले आणि मला बघून तूही धावलास. तो तू परत जाऊन आवळलास का? सैल राहिला तर ठिणगी पडते, हे मला आप्पांनीच शिकवलं होतं. आम्ही दहा तारखेला निघतोय. वायरमन म्हणतो, डबा उघडून एकदा बघून घेतो. बघू देऊ का? लगेच कळव.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. जाळी उंदरांसाठी आहे. ती मी सगळ्यांनाच लावायला सांगतो. प्रत्येक गोष्ट तुझ्यासाठी नसते.

डबा उघडू देऊ नकोस. तू भावोजींना पाणी पाजत होतीस तेव्हा मी परत गेलो आणि तेराच्या पान्याने नट आवळला. पाना घसरला, अंगठ्याचं साल गेलं, मग पुन्हा धरून आवळला. मला आठवतंय.

बारक्या

२९ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या मालकाला फोन करून दिलेला निरोप तुला मिळाला होता, तू आला नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हे एकोणीस तारखेला सकाळी गेले. घरातच. मशीन चालूच होतं, ते मी नंतर बंद केलं.

तलावाचं तुला सांगायचं राहिलं. शेवटच्या थांब्यावर आता काहीच नाही, एक मोडका बाक आणि वळायला गोल जागा. हे म्हणाले, "इथेच वळवली होती." दोन दिवस दारात खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी पाण्याकडे जायचं होतं, पण वीस पावलांवरून परत आले. फार उशीर केला आपण, एवढंच एकदा म्हणाले. दोन्ही सकाळी मी उठले तेव्हा मशीनची घरघर चालू होती आणि ह्यांचा श्वास तिच्यामागून येत होता.

निघायच्या दिवशी वायरमन पाना घेऊन आला होता. मलाही फार वाटत होतं की एकदा बघून घ्यावं. हे गाडीत बसलेले, आत झोपायचं ह्यांनाच होतं, आणि तू रागात आला होतास, रागातच गेला होतास. किल्ली माझ्या मुठीत होती. वायरमन म्हणाला, "वहिनी, उघडा ना, दोन मिनिटांचं काम."

मी त्याला म्हटलं, "माझ्या भावाला आठवतंय." आणि त्याला परत पाठवलं.

किल्ली ह्या पत्रासोबत पाठवतेय. डबा मी अजून उघडलेला नाही.

तुझी,
ताई